टीटीचं टेबल, बॅट, बॉल: खेळापलीकडे कशाकशाला येतं आणि कुठे फसतं?

तापीकाठ

मंडळी, उन्हाळी शिबिरं संपली की शाळा-जिमखान्यांच्या कोपऱ्यात टीटीचं, म्हणजे टेबल टेनिसचं, बाद सामान साचतं. चेपलेले बॉल, चकाकी गेलेली रबरं, मधोमध खचलेली टेबलं. जळगाव-भुसावळकडच्या उन्हात रबर आणि लाकूड लवकर थकतं, त्यामुळे ढीगही चांगला असतो. यातलं काय कशाला वापरता येतं ते एका जागी यावं म्हणून हा धागा. "पिंगपाँग" हे याच खेळाचं दुसरं नाव इतर क्षेत्रांत कुठे कुठे जाऊन बसलंय, तेही चालेल. अट एकच: माप, वजन, साहित्य आणि कुठे बिघडतं ते लिहा. "भारी आयडिया" एवढ्यावर सोडू नका.

सुरुवातीला बॉलचा हिशेब. व्यास ४० मिमी, वजन २.७ ग्रॅम. २००० पर्यंत ३८ मिमी आणि २.५ ग्रॅमचा होता. आताच्या बॉलवर ४०+ छापलेलं असतं, तो प्रत्यक्षात ४० पेक्षा किंचित मोठा भरतो. आकारमान साधारण ३३.५ घनसेंमी. म्हणजे पूर्ण बुडवला तर ३०-३१ ग्रॅमचा भार उचलतो, अर्धा बुडून तरंगायचा असेल तर १४ ग्रॅम. तरंगायच्या कामाचं सगळं गणित या आकड्यांवर चालतं.

रसायनशाळा

बॉलला हात लावण्याआधी तो कशाचा आहे ते ओळखा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं धोक्याचं. २०१४ च्या मध्यापर्यंत स्पर्धांचे बॉल सेल्युलॉइडचे असत, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. हे भयंकर ज्वालाग्राही. ठिणगी लागली की बॉल दोन-चार सेकंदांत भक्कन पेटून संपतो आणि धुरात नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड असतात. नवे बॉल बहुतेक एबीएस प्लास्टिकचे. तेही जळतं, पण असं भडकत नाही.

ओळख: बॉल कापडावर जोरात घासा किंवा ब्लेडने हलकासा खरवडा आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. ४०+ छापलं असेल तर प्लास्टिक. स्वस्त बिनछापाच्या बॉलमध्ये दोन्ही निघतात, तेव्हा वासावरच जा. काडी लावून ओळखायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका.

सेल्युलॉइड निघाला तर खेळा किंवा पाण्यात तरंगवा. दिवा, वायर, सोल्डरिंग, गरम सुई यांच्याजवळ नाही. पत्र्याच्या खोलीत जुन्या बॉलचा डबा मे महिन्यात ठेवू नका आणि होळीत तर अजिबात टाकू नका.

शेकहँड

+१. चेपलेला बॉल उचलून काढायची रीतही इथेच लिहितो, कारण निम्मे लोक ती मेणबत्तीवर करतात.

आधी बॉल कानाशी धरून हलका दाबा. कट्‌कट् आवाज आला तर चीर आहे, तो गेला. चीर नसेल तर पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि झाऱ्याने बॉल पाण्याखाली दाबून धरा. आतली हवा प्रसरण पावते आणि चेप बाहेर येतो. ३० ते ६० सेकंद पुरे. बाहेर काढून सुती कापडात थंड होईपर्यंत फिरवत ठेवा. तसाच ओट्यावर ठेवला तर मऊ असताना एका बाजूला चपटा बसतो.

असा बॉल गोल दिसतो, पण खरा गोल राहत नाही. टेबलावर भोवऱ्यासारखा फिरवून बघा, हेलकावे खाल्ले तर सर्व्हिसच्या सरावापुरता ठेवा. दुसरी कसोटी पाण्याची: बादलीत सोडा, बोटाने फिरवा, स्थिर झाल्यावर वर आलेल्या जागेवर पेनाने टिंब करा. तीन-चार वेळा तेच टिंब वर आलं तर एक बाजू जड आहे. बॉलवर छापलेले तारे बघून फसू नका. तीन तारे म्हणजे त्या कंपनीच्या चाळणीतून वर निघालेला बॉल. एका कंपनीचे तीन आणि दुसरीचे तीन एकसारखे असतातच असं नाही.

रोषणाई_धुळे

गणपतीच्या आराशीला बॉलची माळ करतात, त्याची कृती. एलईडीची माळ घ्या, दाण्यासारखे ५ मिमीचे दिवे असलेली. बॉल फक्त ४०+ वाले. जोडाची रेघ असलेल्या बॉलला त्या रेघेवर भोक पाडू नका, तिथून तडकत जातं. रेघेपासून लांब, कटरच्या टोकाने ६-७ मिमीची + अशी चीर कापा, गोल भोक नको. चार पाकळ्या आत वाकतात, दिवा आत ढकलला की त्याच त्याला धरून ठेवतात, गोंद लागत नाही. ड्रिलने करायचं तर ५ मिमीचा बिट हाताने फिरवा. मशीनवर बॉल घरंगळतो आणि बिट बोटात जातो.

दोन दिव्यांत १० सेंमी अंतर असेल तर बॉल सुटे दिसतात, ५ सेंमीला एकमेकांवर आपटतात. जुन्या मिरची बल्बच्या माळेला हे करायचं नाही. ते बल्ब तापतात, बंद गोळ्यात उष्णता कोंडते आणि प्लास्टिक पिवळं पडून मऊ होतं.

खापरपोळी

सोल्डरिंगच्या टोकाने भोक पाडलं तर कडा गुळगुळीत येते असं ऐकलंय. एबीएसला चालेल का?

रसायनशाळा

ताई, सोल्डरिंगचं टोक ३०० अंशांच्या वर असतं. एबीएस वितळेल, वास सुटेल, खिडकी उघडी हवी, एवढंच. पण शंभर बॉलच्या ढिगात एखादा सेल्युलॉइडचा मिसळला असेल तर तो हातात पेटेल. म्हणून ब्लेडच बरं.

कुलरमिस्त्री

आता आपल्याकडचा खरा उपयोग. डेझर्ट कुलरच्या टाकीत पाणी किती उरलं ते बाहेरून कळत नाही आणि पंप कोरडा चालून जळतो. त्याला बॉलचा निदर्शक करता येतो.

साहित्य: ५० मिमीचा पातळ वर्गाचा पीव्हीसी पाइप, टाकीच्या खोलीपेक्षा ५ सेंमी जास्त लांब. एक एंडकॅप. बॉल. बांबूची काडी ३० सेंमी. एम-सील. पाइपाचं ५० हे बाहेरचं माप असतं, आतून ४६-४७ मिमी मिळतं, बॉलला चहूबाजूंनी तीनेक मिमी मोकळीक राहते. ४० मिमीच्या पाइपात बॉल जात नाही. जाड वर्गाच्या ५० मध्ये आतली जागा कमी होते, बॉल क्षारांनी अडकतो. ६३ चा तुकडा शेतावर पडलेला असतोच, पण त्यात बॉल भटकतो आणि काडी तिरपी होते.

पाइपाच्या तळाला १० मिमीची चार भोकं पाडा, म्हणजे पाणी आत-बाहेर होईल. खालचं तोंड जाळीच्या कापडाने बांधा, गवताच्या पॅडचा चुरा आत जाता कामा नये. वरच्या कॅपला मधोमध ६ मिमीचं भोक. काडी बॉलवर उभी करून एम-सीलच्या लहान गोळीने चिकटवा, रात्रभर सुकू द्या. बॉलला भोक पाडायची गरज नाही. पाइप टाकीत उभा बांधा, काडी कॅपमधून वर काढा. टाकी भरून काडीवर एक हिरवी खूण, पंपाची जाळी उघडी पडायच्या दोन बोटं आधी लाल खूण. झालं.

बिघाड तीनच होतात. सायकलचा आरा वापरला तर तो सहा-सात ग्रॅम भरतो, बॉल तरंगतो पण वरचं वजन जास्त झाल्याने कॅपच्या भोकात घासतो. बांबूची काडी दोन-तीन ग्रॅमची, तिच्यासकट बॉल सेंटिमीटरभरच बुडतो. दुसरं, पाइप जोडायचं सॉल्व्हंट सिमेंट बॉलला लावू नका, एबीएस विरघळतं आणि भोक पडतं. तिसरं आपलं बोअरचं पाणी. महिनाभरात पांढरा थर बसतो आणि बॉल जड होऊन चिकटतो. लिंबाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून कापडाने पुसा.

वरणबट्टी

बठ्ठं बराबर शे भो, पण एक जोड. काडीच्या टोकाला लाल टिकली किंवा रेडियम लावा, रात्री उठून दिवा लावावा लागत नाही.

आणि कुलरवरून: हॉलमध्ये टीटी चालू असताना कुलरचा झोत टेबलावर नको. २.७ ग्रॅमचा बॉल वाऱ्याने हलतो हे सगळ्यांना कळतं. रबरावर दमट थर बसतो आणि फिरकी लागत नाही, हे कळत नाही. मग पोरं रबरालाच दोष देतात. कुलर भिंतीकडे तोंड करून लावा, समोरची खिडकी उघडी ठेवा, दर गेमला रबर कोरड्या कापडाने पुसा.

रंधा

टेबलावर कुणीच आलं नाही, मी येतो.

माप २.७४ मीटर × १.५२५ मीटर, उंची ७६ सेंमी. बाजारात प्लायचा पत्रा ८ × ४ फूट, म्हणजे २४४ × १२२ सेंमी. टेबलाचा अर्धा भाग १३७ × १५२.५ होतो, दोन्ही बाजू १२२ पेक्षा मोठ्या. म्हणून सुतार म्हणतो "बसत नाही" आणि ८ × ४ चंच टेबल करून देतो. बसतं. एका पत्र्यातून एक अर्धा भाग निघतो, फक्त कापणी अशी करायची:

पत्र्याच्या लांबीतून १५२.५ सेंमी कापा. हा १५२.५ × १२२ चा मोठा तुकडा. उरला साधारण ९१ × १२२. त्यातून १५ सेंमी रुंद आणि ७६.२५ सेंमी लांब अशा दोन पट्ट्या काढा. त्या टोकाला टोक लावून १५२.५ होतात. मोठ्या तुकड्याच्या १५२.५ च्या कडेला जोडल्या की १२२ अधिक १५ म्हणजे १३७.

गोम पुढे आहे. ही जोडपट्टी नेटच्या बाजूला ठेवायची. नेटपासून १५ सेंमीच्या आत बॉल क्वचित पडतो, त्यामुळे जोडाचा मेलेला टप्पा खेळात येत नाही. दोन पट्ट्यांचा आपसातला सांधा बरोबर मधल्या ३ मिमीच्या पांढऱ्या रेघेखाली जातो. हेच काम शेवटच्या कडेला केलं तर टेबल वाया, कारण लांब टप्पे सगळे तिथेच.

जाडी १८ मिमीला परवडते, २५ चांगली. खाली २ × १ इंची लाकडी पट्ट्यांची चौकट, दर ४५ सेंमीवर आडवी पट्टी. जोडाखाली एक सलग पट्टी हवीच, फेविकॉल लावून खालून स्क्रू मारा. स्क्रू १८ मिमीच्या प्लायमध्ये १२ मिमीपेक्षा जास्त घुसू देऊ नका, वर टोक येतं. जोड पुट्टीने भरा, १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. रंग मॅट, गडद हिरवा किंवा निळा. चकाकणाऱ्या ऑइलपेंटवर बॉल सरकतो आणि ट्यूबलाइट डोळ्यांत येते. फळ्याचा काळा मॅट रंगही चालतो, स्पर्धेला नाही पण सरावाला. कडेच्या रेघा २ सेंमी.

कसोटी: ३० सेंमीवरून बॉल सोडा, २३ सेंमीच्या आसपास उसळायला हवा. मागे पट्टी उभी करून मोबाइलवर स्लो मोशन काढा. एखाद्या जागी २० च्या खाली येत असेल तर तिथे खाली पोकळ आहे, आडवी पट्टी वाढवा. नेटची उंची १५.२५ सेंमी, आणि नेट टेबलाच्या दोन्ही बाजूंना तेवढंच बाहेर. नियमात एकच आकडा दोनदा आलाय, लक्षात ठेवायला सोपा.

खापरपोळी

रंधाभाऊ, जिमखान्याचं जुनं टेबल आमच्या बचतगटाला मिळतंय. बिबडे आणि उडदाचे पापड वाळवायला गच्चीवर ठेवलं तर?

रंधा

पापडांना चालेल, बिबड्यांना नाही. उडदाचा पापड लाटलेला, जवळजवळ कोरडा. खाली जुनं धोतर अंथरलं तर टेबलाला काही होत नाही. बिबडे ओले थापता. ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचं पाणी कापडातून पाझरून टेबलाच्या सांध्यात आणि कडेत शिरतं. तयार टेबलं बहुतेक पार्टिकल बोर्डाची असतात. त्या भुशाला पाणी लागलं की कड फुगून दीडपट होते आणि परत बसत नाही. त्यात वरून ऊन: वरची बाजू सुकते, खालची ओली, टेबल पोट काढतं. बिबड्यांसाठी खाट आणि साडीच बरी.

दुसरं, घडीचं टेबल चाकांसकट गच्चीवर उघडलं तर बिजागऱ्यांचा खटका दोन्ही बाजूंना बसलाय ना ते बघा. अर्धवट बसलेला खटका वाऱ्याने निसटतो. दोन-तीन माणसं उचलायला हवीत, आणि वर चढून कुणी पत्र्याची दुरुस्ती करू नये. ते टेबल पसरलेला हलका भार घेतं, एका जागी उभं राहिलेलं माणूस घेत नाही.

कापड बेतायला मात्र बचतगटासाठी याहून चांगलं काही नाही. पाच वार कापड दोनदा दुमडून सपाट बसतं, आणि कडेच्या पांढऱ्या रेघेला काटकोन आयता मिळतो. नेट मात्र काढा, क्लॅम्पने कापड ओरबाडतं.

शेकहँड

बॅट राहिली. बॅटचं लाकूड, त्याला आम्ही ब्लेड म्हणतो, नियमाने जाडीत किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकडाचं. वर स्पंज-रबर, गोंदासकट ४ मिमीपर्यंत. स्पंजची बॅट जगाने पहिल्यांदा गांभीर्याने बघितली ती मुंबईत, १९५२ च्या जागतिक स्पर्धेत. जपानचे हिरोजी सातो जाड स्पंज घेऊन आले आणि आवाजच न करणाऱ्या बॅटीने विजेतेपद घेऊन गेले. तोवर बॉल कडक रबरावर टक्‌टक् वाजायचा, समोरचा त्या आवाजावर अंदाज बांधायचा. दोन बाजूंना दोन रंग हा नियम १९८० च्या दशकातला. एकाच रंगाची पण वेगळ्या स्वभावाची रबरं लावून बॅट हातात फिरवायची, ही चलाखी त्याने बंद झाली. २०२१ पासून एक बाजू काळी ठेवून दुसरीला गुलाबी, जांभळा, हिरवा, निळाही चालतो.

आपल्या हवेत रबर मारणाऱ्या गोष्टी: गाडीची डिकी, पत्र्याची खोली, धूळ. रबर पाण्याने ओल्या मऊ स्पंजने पुसा, वर प्लास्टिकचा कागद चिकटवा, कपाटात ठेवा. स्पिरिट, सॅनिटायझर, डिटर्जंट नको, रबराचा वरचा थर कडक होतो.

रबर बदलताना गोंद पाण्याचा, म्हणजे लॅटेक्सचा घ्या. एका बाजूला सुमारे ४ मिली लाकडावर, तेवढाच स्पंजवर. स्पंजच्या तुकड्याने एका दिशेने पसरवा, दुधी रंग जाऊन पारदर्शक होईपर्यंत थांबा. पुस्तकं दहा-पंधरा मिनिटं सांगतात. मेमध्ये आपल्याकडे पाच मिनिटांतच सुकतो, आणि पसरवता पसरवताच गाठी धरतो. पंखा बंद करा, सकाळी लवकर करा. मुठीकडून लावायला सुरुवात, लाटण्याने हलकं लाटा, ताणू नका. ताणून चिकटवलेलं रबर दोन दिवसांत आकसतं आणि कडेचं लाकूड उघडं पडतं. मग नव्या ब्लेडने कड कापा.

पांढरा फेविकॉल नको. तो कडक होतो, पुढच्या वेळी रबर काढताना स्पंज फाटतो आणि लाकडाचे तंतू उपटून येतात. पंक्चरचं सोल्युशन तर मुळीच नको. त्याने स्पंज फुगतो, बॅट काही तास जास्त वेगवान होते. सत्तरच्या दशकात युरोपात हा शोध पंक्चरच्या गोंदानेच लागला होता. त्यातले सॉल्व्हंट फुप्फुसाला वाईट म्हणून २००८ मध्ये तसल्या गोंदांवर बंदी आली.

वरणबट्टी

काढलेली रबरं टाकू नका. पोळपाटाखाली तीन गोल तुकडे, चिकट बाजू खाली. पोळपाट सरकत नाही. मिक्सरच्या पायांखाली स्पंजची बाजू वर, हादरे मरतात. बरणीचं घट्ट झाकण उघडायला हातात एक चौकोन. धूळ बसली की पकड जाते, पाण्याने पुसलं की परत येते. तेलाला मात्र जपा. रबर तेल पितं, फुगतं, बुळबुळीत होतं. शेवभाजीच्या तर्रीचा एक ओघळ पुरे. अन्नाला थेट लागेल अशा जागी वापरू नका.

पाटकरी

तरंगणाऱ्या बॉलवरून: पाटाच्या पाण्याचा वेग मोजायला. पांझरा नदीच्या काठच्या फडांवर, म्हणजे एका पाटावर भिजणाऱ्या शेतपट्ट्यांवर, पाणी वाटून घेताना हे सगळ्यांना हवं असतं. पण रिकामा बॉल पाण्यावर उचलून धरल्यासारखा बसतो, वारा त्याला पळवतो. पाण्याचा नव्हे, वाऱ्याचा वेग मोजला जातो.

उपाय: सिरिंजने बॉलमध्ये २५ मिली पाणी भरा. एक भोक सुईला, दुसरं शेजारी हवा निघायला. दोन्ही एम-सीलने बंद. आता वजन २८ ग्रॅमच्या आसपास, पाच भागांतले चार भाग पाण्याखाली, वर टोपीएवढाच दिसतो. केशरी रंगाचा घ्या, पांढरा फेसात हरवतो.

पाटाचा सरळ, सारख्या रुंदीचा १० मीटरचा तुकडा निवडा. बॉल सुरुवातीच्या खुणेच्या दोन मीटर आधी सोडा, म्हणजे खुणेपर्यंत प्रवाहाचा वेग घेतो. मधून वाहिलेल्या तीन-चार फेऱ्यांची सरासरी घ्या, काठाला लागलेली फेरी सोडा. १० मीटरला २० सेकंद लागले तर पृष्ठावरचा वेग ०.५ मीटर. तळाशी पाणी हळू चालतं, म्हणून ०.८५ ने गुणा: ०.४२५. पाण्याची रुंदी ६० सेंमी, खोली ३० सेंमी, म्हणजे छेद ०.१८ चौरस मीटर. गुणाकार ०.०७६५, म्हणजे सेकंदाला साधारण ७६ लिटर. गवत वाढलेल्या किंवा अगदी उथळ पाटात हा गुणक कमी धरावा लागतो, ०.८ किंवा त्याहूनही खाली. भांडण मिटवायला एवढं पुरतं, कोर्टात नाही.

तापीकाठ

पाटकरी, जबरी. ठिबकच्या एअर व्हॉल्व्हमधला (पाइपातली हवा सोडणाऱ्या झडपेतला) बॉल हरवला की त्याजागी हा चालेल का, असा प्रश्न हमखास येतो.

पाटकरी

नाही. एअर व्हॉल्व्हमधल्या बॉलला लाइनचा दाब सोसावा लागतो. टीटीच्या बॉलची भिंत अर्ध्या मिलिमीटरची. बॉल दाबाने चेपतो, बैठकीवर नीट बसत नाही, आणि फुटला तर तुकडे पुढे लाइनमध्ये जातात. मूळ सुटा भाग घ्या.

कुलरमिस्त्री

न्हाणीच्या जाळीखाली मात्र चालतो. गावाला गेलं की आपल्याकडे न्हाणीच्या ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात आटतं, मग वास आणि झुरळं. ट्रॅपचं आतलं तोंड ३२ ते ३५ मिमी असेल तर बॉल त्यावर बरोबर बसतो. पाणी आलं की उचलला जातो, गेलं की परत बसतो. वर जाळी आणि बॉल यांत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच जागा ठेवा. जास्त ठेवली तर बॉल बाजूला जाऊन बसतो. केस आणि साबणाचा थर दर आठवड्याला काढा, नाहीतर फट राहते. तोंड ३८ मिमीच्या वर असेल तर प्रयत्न सोडा, बॉल आत अडकतो आणि मग प्लंबर.

एम्बेडेड

नावाकडे येतो. "पिंग-पाँग" हे नाव १९०१ मध्ये इंग्लंडच्या जॅक्स कंपनीने नोंदवून घेतलं, म्हणून संघटनांनी टेबल टेनिस धरलं. पण इलेक्ट्रॉनिक्समध्ये पिंगपाँगच टिकलं. पिंगपाँग बफर म्हणजे मेमरीचे दोन सारखे कप्पे. सेन्सर एकात भरत असतो, प्रोसेसर दुसरा रिकामा करतो, मग अदलाबदल. विहिरीवर एक बादली वर येताना दुसरी खाली जाते तसं. अट ही की रिकामं करणं भरण्यापेक्षा लवकर संपलं पाहिजे. माइकचे नमुने सेकंदाला ८,००० आणि कप्पा २५६ नमुन्यांचा असेल तर प्रोसेसरकडे ३२ मिलिसेकंद असतात. त्याला ३५ लागले की आवाजात दर कप्प्याला खरखर येते. कप्पा मोठा करून हे सुटत नाही, कामही त्याच प्रमाणात वाढतं. काम कमी करा.

टॉवरखाली

मोबाइलमध्ये पिंगपाँग हँडओव्हर हा शिवीसारखा शब्द. फोन दोन टॉवरच्या सीमेवर असतो, यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याला हे कळतं. दोन्हींचा सिग्नल जवळपास सारखा, फोन इकडून तिकडे उड्या मारतो, बॅटरी उतरते आणि कॉल तुटतो. उपाय म्हणून नवा टॉवर जुन्यापेक्षा ठरावीक डेसिबलने, बहुधा २-३ ने, वरचढ असला आणि तेवढा काही मिलिसेकंद टिकला तरच बदल करतात. हा फरक फार मोठा ठेवला तर फोन मेलेल्या टॉवरला चिकटून राहतो.

हीच अक्कल पाण्याच्या टाकीच्या फ्लोट स्विचला लागते. चालू आणि बंद एकाच पातळीला ठेवलं तर लाटेने पंप चटचट चालू-बंद होतो आणि पंपाचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा स्विच, जळतो. दोन पातळ्यांत किमान वीतभर अंतर ठेवा.

शुश्रूषा

डॉक्टर लोक पिंगपाँग म्हणतात ते घरातल्या घरात फिरणाऱ्या आजाराला. खरूज हे ठळक उदाहरण. एकाला औषध, बाकीचे तसेच, मग बरा झालेला परत धरतो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी, खाज असो नसो, एकाच दिवशी औषध लावायचं. डॉक्टरने ५ टक्के पर्मेथ्रिन दिलं असेल तर मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखाली आणि बेंबीतही, ८ ते १४ तास ठेवून अंघोळ, आठवड्याने परत एकदा. कपडे-चादरी गरम पाण्याने. तान्ही मुलं आणि गरोदर बायकांचं डॉक्टरला विचारूनच.

तापीकाठ

ब्रिटिश संसदेतही एखादं विधेयक दोन सभागृहांत टोलवलं गेलं की पिंगपाँग म्हणतात. आपल्याकडे त्याला घटनेच्या कलम १०८ चा उतारा आहे, संयुक्त बैठक. ती आजवर १९६१, १९७८ आणि २००२ अशी तीनदाच झाली. अवांतर आहे, पुढे ओढू नका.

खापरपोळी

विज्ञान प्रदर्शनाला मुलांना बॉल हवेत तरंगवून दाखवायचाय. हेअर ड्रायरवर टिकत नाही, पडतो.

शेकहँड

ताई, ड्रायर थंड हवेवर ठेवा आणि तोंड पूर्ण उभं वर. चपटं नोझल लावलं असेल तर काढा, गोल तोंड हवं. बॉल ड्रायरच्या तोंडापासून वीतभर वर हळूच सोडा, ढकलू नका. टिकला की ड्रायर सावकाश तिरपा करत न्या, थोड्याशा कलापर्यंत बॉल झोतातच राहतो. झोताला लागून हवा बॉलभोवती वळते आणि बॉलला मध्ये खेचते, हे मुलांनी तोंडाने सांगायचं. वर छताचा पंखा चालू असेल तर काही केल्या टिकणार नाही. मांडवातल्या प्रदर्शनात कुलरकडे पाठ असलेलं टेबल मागून घ्या, आणि तीनही बाजूंना पुठ्ठा उभा करा, ४० सेंमी उंचीचा पुरतो. ड्रायर सलग पाच मिनिटांच्या वर चालवू नका, उन्हात त्याचा कटआउट (तापल्यावर बंद करणारा खटका) लवकर पडतो आणि परत सुरू व्हायला वेळ घेतो. परीक्षक यायच्या वेळेला नेमका.